झूम भिंग: उपयोग आणि मर्यादा

कॅमेऱ्याचें भिंग हें मनुष्याच्या डोळ्यासारखें आहे असें आपण नेहमीं म्हणतों. परंतु एका बाबतींत हें साम्य लागू पडत नाहीं. मनुष्याचा डोळा एका वेळीं जेवढा प्रदेश पाहतो तेवढाच तो सदैव पाहतो. समोर नदीचें विस्तीर्ण पात्र असो, कीं पलीकडच्या तारेवर बसलेला खंड्या असो, दृष्टीचा आवांका तोच राहतो; आपलें लक्ष मात्र कधीं सर्व पात्रावर पसरतें, तर कधीं त्या एका पक्ष्यावर खिळतें. कॅमेऱ्याला असें लक्ष नसतें. त्याच्या चौकटींत काय यावें व काय वगळावें, हें छायाचित्रकारानें अगोदर ठरवावें लागतें. तें काम सोपें व्हावें म्हणून जें भिंग निर्माण झालें, त्यास झूम भिंग म्हणतात.

आजकाल बहुतेक घरांत छायाचित्र काढण्याचें कांहीं ना कांहीं साधन असतें. निदान मोबाईल तरी असतोच. शाळेचे क्रीडासामने, स्नेहसंमेलन किंवा सहल जवळ आली म्हणजे मुलें चांगल्या भिंगाचा हट्ट धरितात, आणि दुकानांत गेल्यावर पालकांचा पहिला प्रश्न असतो तो "यांत झूम किती?" हा. हा प्रश्न चुकीचा नाहीं, पण अपुरा आहे. झूम भिंगानें कोणती गोष्ट साधते व कोणती साधत नाहीं, हें जाणल्यावांचून केलेला खर्च पुष्कळदां व्यर्थ जातो. आणि त्याहूनही महत्त्वाचें म्हणजे, अशा अज्ञानानें काढलेलें चित्र पाहणाराची नकळत फसवणूक करूं शकतें. म्हणून या विषयाचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना 'नाभीय अंतर' ही संज्ञा ठाऊक आहेच. फार दूरच्या वस्तूपासून येणारे प्रकाशकिरण बहिर्गोल भिंगांतून गेल्यावर ज्या बिंदूंत एकत्र येतात, त्या बिंदूचें भिंगापासूनचें अंतर तें नाभीय अंतर होय. छायाचित्रणांत तें मिलिमीटरांत सांगतात. हें अंतर जितकें कमी, तितका अधिक विस्तृत प्रदेश चित्रांत येतो व त्यांतील प्रत्येक वस्तु लहान दिसते. हें अंतर जितकें अधिक, तितका प्रदेश अरुंद होतो व वस्तु मोठी दिसते. ज्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असतो, त्यास 'फुल फ्रेम' असें म्हणतात. अशा कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरांच्या भिंगाला कर्णाच्या दिशेनें सुमारें ८४ अंशांचा प्रदेश दिसतो. ५० मिलिमीटरांच्या भिंगाला सुमारें ४७ अंशांचा, २०० मिलिमीटरांच्या भिंगाला १२ अंशांचा आणि ६०० मिलिमीटरांच्या भिंगाला अवघा ४ अंशांचा. विस्तृत प्रदेश दाखविणाऱ्या भिंगास 'वाइड' व दूरची वस्तु मोठी दाखविणाऱ्यास 'टेली' म्हणण्याचा प्रघात आहे.

ज्या भिंगावर नाभीय अंतराचा एकच आंकडा असतो त्यास 'प्राइम' भिंग म्हणतात. ज्यावर '१८–५५' किंवा '७०–२००' असे दोन आंकडे असतात तें झूम भिंग. मोठ्या आंकड्यास लहान आंकड्यानें भागिलें असतां जो भागाकार येतो, तेंच दुकानदाराचें 'इतके पट झूम'. या हिशेबानें १८–५५ हें सुमारें तीन पट झूम होतें आणि ७०–२०० हेंही सुमारें तीन पटच होतें. परंतु पहिलें भिंग घरांतील मंडळींच्या उपयोगाचें, तर दुसरें मैदानावरील खेळाडूंच्या. तेव्हां नुसत्या 'पट' या आंकड्यावरून भिंगाची योग्यता ठरवितां येत नाहीं. शिवाय नवशिक्यांना मिळणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत 'एपीएस-सी' नांवाचा लहान सेन्सर असतो. त्यावर कोणतेंही भिंग सुमारें दीडपट नाभीय अंतराच्या भिंगासारखें वागतें. म्हणजे १८–५५ चें भिंग फुल फ्रेमवरील २७–८२ च्या भिंगाइतकाच प्रदेश दाखवितें.

हें सर्व समजून घेण्यास महागडें साहित्य लागत नाहीं. विद्यार्थ्यांनीं एक जाड पुठ्ठा घेऊन त्यांत ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असा आयताकृति झरोका कापावा. एक डोळा मिटून, हा पुठ्ठा दुसऱ्या डोळ्यापासून ५ सेंटिमीटरांवर धरिला, तर ५० मिलिमीटरांच्या भिंगाला जें दिसेल तेवढेंच झरोक्यांतून दिसतें. पुठ्ठा २० सेंटिमीटरांवर नेला कीं २०० मिलिमीटरांच्या भिंगाची चौकट मिळते. हात पूर्ण लांब करून ५० सेंटिमीटरांवर धरिला कीं ५०० मिलिमीटरांची. पुठ्ठा मागेंपुढें करणें म्हणजेच झूम फिरविणें.

आतां या प्रयोगांत एक गोष्ट नीट पाहावी. पुठ्ठा कितीही मागेंपुढें केला, तरी समोरच्या वस्तूंचे परस्परांशीं असलेले संबंध तिळमात्रही बदलत नाहींत. खांबाच्या मागें जितकें झाड झांकलें होतें तितकेंच झांकलेलें राहतें. फक्त चौकट लहान किंवा मोठी होते. परंतु पुठ्ठा स्थिर धरून आपण स्वतः चार पावलें पुढें किंवा बाजूस सरकलों, तर लागलीच खांब मोठा होतो, झाड त्याच्या आड जातें किंवा बाहेर येतें. झूमनें चौकट बदलते. उभें राहण्याच्या जागेनें दृश्य बदलतें. छायाचित्रणाच्या कोणत्याही शाखेंत झूम भिंग वापरावयाचें असलें, तरी हा एक नियम मनांत पक्का ठसला पाहिजे.

त्याचा हिशेब अगदीं सोपा आहे. समजा, तुमचा मित्र तुमच्यापासून २ मीटरांवर उभा आहे व त्याच्या मागें १० मीटरांवर, म्हणजे तुमच्यापासून १२ मीटरांवर, एक झाड आहे. तुम्हीं २४ मिलिमीटरांच्या भिंगानें त्याचें चित्र घेतलें. नंतर तुम्ही मागें सरत सरत मित्रापासून २० मीटरांवर गेलां आणि २४० मिलिमीटरांवर झूम करून पुन्हां चित्र घेतलें. अंतर दहापट झालें व नाभीय अंतरही दहापट झालें. त्यामुळें दोन्ही चित्रांत मित्राची आकृति सारखीच राहील. पण झाडाचें काय? तें पूर्वीं १२ मीटरांवर होतें, आतां ३० मीटरांवर आहे; म्हणजे त्याचें अंतर अवघें अडीचपट वाढलें, भिंग मात्र दहापट झालें. म्हणून दुसऱ्या चित्रांत झाड पहिल्याच्या चौपट मोठें दिसेल, व तें जणूं मित्राच्या पाठीशीं येऊन उभें राहिलें आहे असा भास होईल. मित्र तोच, झाड तेंच, त्यांच्यांतील अंतरही तेंच. बदलली ती छायाचित्रकाराची जागा.

आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकानें १९५८ सालच्या 'व्हर्टिगो' या चित्रपटांत याच नियमाचा चमत्कृतिपूर्ण उपयोग केला. उंचावरून खालीं पाहतांना नायकास भोंवळ येते, हें दाखविण्यासाठीं कॅमेऱ्याचें अंतर व झूम हीं दोन्ही एकाच वेळीं परस्परविरुद्ध दिशांनीं बदललीं. त्यामुळें जिन्याची खोली पाहणाराच्या डोळ्यांदेखत ताणली जाते.

अशा भिंगाची आंतील रचनाही जाणण्यासारखी आहे. नळींत अनेक भिंगें गटागटांनीं बसविलेलीं असतात. बाहेरचें कडें फिरविलें म्हणजे त्यांतील कांहीं गट खांचांतून पुढेंमागें सरकतात. एका गटाच्या सरकण्यानें प्रतिमा लहानमोठी होते. परंतु तेवढेंच झालें तर प्रतिमा सेन्सरावरून पुढेंमागें जाऊन अस्पष्ट होईल. म्हणून दुसरा गट ठराविक प्रमाणांत सरकून तिला मूळ जागीं आणतो. ५० मिलिमीटरांच्या साध्या प्राइम भिंगांत सहासात कांचा पुरतात, तर २४–७० च्या उत्तम झूम भिंगांत पंधरा किंवा त्यांहून अधिक लागतात. त्याचें वजन व किंमत अधिक कां, याचें उत्तर यांतच आहे.

विमान एकाएकीं वर चढूं लागलें म्हणजे वैमानिक त्यास 'झूम' म्हणत. तोच शब्द पुढें या भिंगास मिळाला. १९३२ सालीं इंग्लंडांतील टेलर, टेलर अँड हॉब्सन या कंपनीनें चित्रपटांसाठीं 'कुक व्हॅरो' नांवाचें ४० ते १२० मिलिमीटरांचें झूम भिंग बाजारांत आणिलें. साध्या छायाचित्रणाच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठीं मात्र झूम भिंग मिळण्यास १९५९ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं जर्मनींतील फोइग्टलेंडर कंपनीनें फ्रँक बॅक यांच्या योजनेप्रमाणें तयार झालेलें 'झूमार' हें ३६ ते ८२ मिलिमीटरांचें भिंग विक्रीस काढिलें. प्रारंभींचीं झूम भिंगें प्राइम भिंगांइतकें रेखीव चित्र देत नसत. आज उत्तम झूम भिंगाच्या बाबतींत ही तक्रार फारशी उरलेली नाहीं.

आतां निरनिराळ्या प्रसंगीं या भिंगाचा उपयोग कसा करावा तें पाहूं.

निसर्गदृश्यें, इमारती व मोठे समूह यांस १६–३५ किंवा १८–५५ यांची वाइड बाजू उपयोगी पडते. मुंबईचें छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस समोरच्या पदपथावरून सबंध टिपावयाचें तर मागें सरण्यास जागा नसते. तेथें वाइड भिंगावांचून गत्यंतर नाहीं. मात्र कॅमेरा वर उचलून धरिला तर इमारतीच्या उभ्या रेषा वरच्या बाजूस एकमेकींकडे कलूं लागतात. म्हणून तो होतां होईल तों सरळ धरावा. वर्गाच्या समूहचित्रांतही एक सावधगिरी हवी. फार वाइड भिंगानें जवळून चित्र घेतलें तर पहिल्या रांगेंतील मुलें मोठीं व मागच्या रांगेंतील लहान दिसतात, आणि दोन्ही टोकांचे चेहरे ओढल्यासारखे रुंद होतात. जागा असेल तर चार पावलें मागें सरावें व झूम थोडें पुढें करावें. उलटपक्षीं डोंगरांच्या एकामागून एक निळसर होत जाणाऱ्या रांगा दाखवावयाच्या असतील, तर निसर्गचित्रासही टेली बाजूच योग्य. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून पावसाळा सरतांना हें दृश्य फार सुंदर दिसतें.

व्यक्तिचित्रास फुल फ्रेमवर ८५ ते १३५ मिलिमीटरांच्या दरम्यानचें नाभीय अंतर चांगलें मानितात. याचें कारण भिंगांत नसून अंतरांत आहे. मोबाईल चेहऱ्यापासून ३० सेंटिमीटरांवर धरिला असतां नाक ३० सेंटिमीटरांवर व कान सुमारें ४२ सेंटिमीटरांवर असतात. त्यामुळें कानांच्या मानानें नाक सुमारें दीडपट मोठें उमटतें. तेंच चित्र दोन मीटरांवरून घेतलें तर हा फरक सहा टक्क्यांवर येतो व चेहरा स्वाभाविक दिसतो. दोन मीटरांवरून चौकट चेहऱ्यानें भरावी, एवढ्यासाठींच लांब नाभीय अंतर लागतें. ज्या मुलामुलींना स्वतःचें नाक बेढब वाटूं लागलें आहे, त्यांनीं व त्यांच्या मातांनीं हा हिशेब अवश्य ध्यानांत ठेवावा.

क्रीडांगण व रंगमंच यांसाठीं ७०–२०० हें भिंग पुष्कळ छायाचित्रकारांचें आवडतें आहे. धांवणारा खेळाडू जवळ येत असतां कडें फिरवून त्यास चौकटींत राखतां येतें. येथें झूमची खरी सत्ता दिसते, कारण प्रेक्षकांच्या जागेवरून आपणांस हलतां येत नाहीं. परंतु येथें प्रकाशाचा प्रश्न उद्भवतो. भिंगावर 'एफ ३.५–५.६' असें लिहिलेलें असेल, तर त्याचा अर्थ असा कीं वाइड बाजूस प्रकाशद्वार मोठें असतें व टेली बाजूस तें त्या मानानें लहान होतें. आणि सेन्सरावर पडणारा प्रकाश सुमारें अडीचपट कमी होतो. स्नेहसंमेलनांतील नाटकाचीं चित्रें अंधुक किंवा हललेलीं येतात त्याचें कारण बहुधा हेंच. 'एफ २.८' असा एकच आंकडा असलेल्या झूम भिंगांत प्रकाशद्वार दोन्ही टोकांस तितकेंच मोठें ठेवितां येतें. पण तीं भिंगें जड व फार महाग असतात. मंद प्रकाशांत चांगलें चित्र हवें असेल, तर 'एफ १.८' चें ५० मिलिमीटरांचें लहानसें प्राइम भिंग थोड्या पैशांत अधिक काम देतें.

पक्षी व वन्य प्राणी यांस १००–४०० किंवा १५०–६०० अशीं भिंगें लागतात. हिंवाळ्यांत ठाण्याच्या खाडींत किंवा भिगवणजवळ उजनीच्या जलाशयावर रोहित पक्षी येतात. त्यांच्या जवळ जाऊं गेल्यास सगळा थवा उडून जातो. लांब भिंगाचें पहिलें कर्तव्य हें कीं त्यामुळें आपण दूर राहावें. घरट्यांतील पिलांचें चित्र काढण्यासाठीं फांद्या बाजूस सारणारा मनुष्य छायाचित्रकार नव्हे, तो पिलांचा वैरी होय. लांब भिंगानें हाताचा कंपही तितकाच मोठा होतो. म्हणून जुना नियम असा आहे कीं, कॅमेरा हातांत धरून चित्र घेतांना नाभीय अंतराचा जो आंकडा, निदान सेकंदाच्या तितक्याव्या भागाइतकी शटरची गति ठेवावी. २०० मिलिमीटरांस १/२०० सेकंद, ६०० मिलिमीटरांस १/६०० सेकंद. आजच्या कंपनिरोधक भिंगांत यापेक्षां मंद गतिही चालते; परंतु धांवता खेळाडू किंवा उडता पक्षी त्या युक्तीनें स्थिर होत नाहीं. आणखी एक सूचना: आरशाच्या कॅमेऱ्याच्या दर्शनीतून टेली भिंगानें सूर्याकडे कदापि पाहूं नये. ग्रहणाच्या दिवशीं भिंगाच्या पुढें खास सूर्यगाळणी लाविल्यावांचून तसें केल्यास डोळा कायमचा अधू होऊं शकतो.

फुलें व किडे यांच्या चित्रांसाठीं पुष्कळ झूम भिंगांवर 'मॅक्रो' असें लिहिलेलें असतें. त्यांतील बहुतेकांनीं वस्तु सेन्सरावर मूळ आकाराच्या तिसऱ्या किंवा चौथ्या हिश्शाइतकीच उमटते. फुलपांखरास तें पुरतें. मुंगीस पुरत नाहीं.

मोबाईलविषयीं दोन शब्द आवश्यक आहेत. मोबाईलवर बोटांनीं चित्र मोठें करणें हें पुष्कळदां झूमच नसतें. तें चित्राचा मधला भाग कापून ताणणें असतें. १ कोटी २० लाख बिंदूंचें चित्र चारपट मोठें केलें, तर लांबीचा व रुंदीचा चौथा हिस्साच उरतो, म्हणजे सोळावा भाग: साडेसात लाख बिंदु. संगणकाच्या युक्तीनें तें गुळगुळीत दिसेलही. पण जो तपशील टिपलाच गेला नाहीं तो पुन्हां येत नाहीं. ज्या मोबाईलांत टेलीसाठीं निराळें भिंग बसविलेलें असतें, त्यांत त्या भिंगाच्या मर्यादेपर्यंत चित्र खरोखर स्पष्ट मिळतें. इतर मोबाईलधारकांनीं शक्य असेल तेथें चार पावलें पुढें चालावें, हें उत्तम.

पालकांस खरेदीविषयीं एक साधा उपाय सुचवावासा वाटतो. डिजिटल कॅमेऱ्यानें काढलेल्या प्रत्येक चित्राबरोबर तें किती मिलिमीटरांवर घेतलें याची नोंद आपोआप होते. कॅमेऱ्याबरोबर मिळालेलें १८–५५ चें भिंग मुलास सहा महिने वापरूं द्यावें, आणि मग त्याला ह्या नोंदी वहींत मांडावयास सांगाव्या. बहुतेक चित्रें १८ वर असतील तर त्यास वाइड भिंगाची गरज आहे. बहुतेक ५५ वर अडलेलीं असतील तर टेलीची. आणि बहुतेक मधल्या आंकड्यांवर असतील तर नव्या भिंगाची गरजच नाहीं. मोठ्या शहरांत भिंगें दिवसाच्या भाड्यानेंही मिळतात. हजारों रुपये घालण्यापूर्वीं एक दिवस तें वापरून पाहावें. अशानें पैसा वांचतोच, शिवाय मुलास स्वतःचें काम तपासण्याची संवय लागते.

शेवटीं सत्यासत्याचा विचार. वर मित्राचा व झाडाचा जो हिशेब दिला, तोच गर्दीलाही लागू आहे. २०२० सालच्या करोनाच्या सांथींत लोक परस्परांपासून अंतर राखतात कीं नाहीं, याविषयीं जगभर वादविवाद चालला होता. त्या वेळीं डेन्मार्कमधील वृत्तछायाचित्रकारांनीं लोकांचे तेच समूह दोन प्रकारें टिपून दाखविले: एकदां वाइड भिंगानें व एकदां लांबून टेली भिंगानें. पहिल्या चित्रांत माणसांमधील मोकळी जागा स्पष्ट दिसत होती. दुसऱ्यांत तींच माणसें खेटून उभीं असल्यासारखीं दिसत होतीं. कोणतेंही चित्र बनावट नव्हतें. तरी दुसरें पाहून त्या माणसांना दोष देणें अन्यायाचें झालें असतें. म्हणून वर्तमानपत्रांत किंवा मोबाईलवर गर्दीचें चित्र पाहून कोणावर ठपका ठेवण्यापूर्वीं, हें कोठून व कोणत्या भिंगानें घेतलें असेल असा प्रश्न प्रत्येक सुजाण वाचकानें स्वतःस विचारावा.

तसेंच, लांब भिंग आपणांस दुसऱ्याच्या अंगणांत त्याच्या नकळत नेऊन पोंचवितें. पक्ष्याजवळ न जातां त्याचें चित्र घेणें ही दया आहे; परंतु मनुष्याच्या दुःखाचें किंवा खाजगी क्षणाचें चित्र त्याच्या संमतीवांचून दुरून घेणें ही चोरी आहे. मनुष्याच्या बाबतींत जवळ जाऊन, दोन शब्द बोलून, परवानगी विचारणें हेंच योग्य.

विद्यार्थिमित्रांनो, या सुट्टींत पुठ्ठ्याचा तो झरोका अवश्य करून पाहा. प्रथम जागा निवडा, मग चौकट निवडा, आणि मगच बटन दाबा. या क्रमानें काम करण्याची संवय लागली, तर तुमच्या हातीं साधें भिंग असलें तरी चित्र चांगलें येईल. आणि पुढें मोठें भिंग मिळालें तर त्याचें चीज होईल.